बुक्क्याची डबी आणि बडा ख्याल

कीर्तनाला पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. या दोहोंच्या मध्ये बुवा घोटभर पाणी पितात, तेवढ्या वेळात कोणीतरी उठून त्यांच्या गळ्यात हार घालतो, कपाळाला बुक्का लावतो, मग सगळ्या श्रोत्यांना लावतो, आणि नामाचा गजर होतो. ही देवाघरची रीत. तीत काही वावगं आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. वावगं झालं ते एवढंच, की महाल पेठेतले बाबाराव ठवकर ही रीत घेऊन गाण्याच्या बैठकीला गेले.

बाबाराव सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. पण ही झाली पोटाची नोकरी. खरी नोकरी विठ्ठलमंदिरात. वीस वर्षं ते दत्तोपंतबुवांच्या मागे झांज घेऊन उभे राहत. पूर्वरंग संपला की झांज काखेत मारायची, कोटाच्या खिशातून पितळेची डबी काढायची आणि बुवांपासून दारातल्या म्हातारीपर्यंत एकही कपाळ कोरं ठेवायचं नाही. कचेरीत त्यांच्या सहीला काही किंमत असेल नसेल. मंदिरात त्यांच्या अंगठ्याला होती.

बहात्तर सालच्या दिवाळीनंतर एका रविवारी त्यांची मुलगी उत्तरा त्यांना बैठकीला घेऊन गेली. ती तिसऱ्या वर्षापासून मंदिरात गात होती आणि चार वर्षांपासून रीतसर शिकत होती. त्या दिवशी तिच्या गुरुबाई गाणार होत्या आणि उत्तरा मागे तंबोऱ्यावर. बाबाराव इस्तरीचा कोट घालून तिसऱ्या रांगेत बसले. गुरुबाईंनी बडा ख्याल लावला. तो इतका सावकाश चालला होता, की बाबारावांना वाटलं निरूपण खोल आहे. तासाभराने तो संपला. तबला थांबला. बाईंनी पाण्याचा पेला उचलला.

बाबाराव उठले. यात त्यांचा विचार असा काही नव्हताच. वीस वर्षांचे पाय ते, आपले आपण उठले. गाद्यांवरून वाट काढत ते पुढे गेले, बाईंच्या कपाळाला बुक्का लावला, तबलजीला लावला, पेटीवाल्याला लावला. उत्तरा तंबोऱ्यामागून डोळ्यांनी काहीतरी सांगत होती. ती भक्तीने गहिवरली आहे असं समजून त्यांनी तिला जरा जास्त लावला. मग पहिल्या रांगेतले प्राध्यापक शरच्चंद्र, मग त्यांच्या शेजारचे डॉक्टर. एवढं करून त्यांनी दोन्ही हात वर करून विठ्ठलनामाचा गजर सुरू केला.

गजराला कोणी साथ दिली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा बाबारावांचा आवाज एकटा सभागृहात फिरला आणि कुठेच टेकायला जागा न मिळाल्यामुळे परत आला. त्याच वेळी बाईंनी द्रुत ख्यालासाठी श्वास घेतला. तो बुक्क्यासकट आत गेला. बाई सात वेळा शिंकल्या. तबलजीनं पुढे लोकांना सांगितलं म्हणे, की सातही शिंका तालाबाहेर होत्या.

उत्तरा बाबारावांच्या चार पावलं पुढे चालत घरी आली. घरी आल्यावर तिने कपाळ धुतलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, वसंतपंचमीले माझं पहिलं गाणं आहे. तुम्ही येऊ नका. तुम्हाले त्यातलं काही कळत नाही."

मुलगी चिडून बोलली असती तर बाबाराव उलट चिडले असते आणि प्रकरण तिथंच निकालात निघालं असतं. पण ती शांतपणे बोलली. बाबाराव जेवले नाहीत. रंभाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दोघांमध्ये तोड काढली. शरच्चंद्र सर दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत गाणं ऐकायचं कसं ते शिकवत. ग्रामोफोन असे, फळा असे, संगीताचा इतिहास असे. बाबारावांनी तो वर्ग करावा. शेवटी सरांनी या माणसाला कळतं असं म्हटलं, तरच त्यानं गाण्याला यावं. उत्तरा कबूल झाली. बाबारावही झाले. हातात अडीच महिने होते. अडीच महिन्यांत त्यांच्या कचेरीतली फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शेजारचे मारोतराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी ही बातमी भिंतीपलीकडून ऐकली आणि भिंतीला वळसा घालून आत आले. त्यांचं म्हणणं पडलं, की गाण्यात कठीण असं काही नाही. गाणं म्हणजे गाडी, ताल म्हणजे रूळ, आणि सम म्हणजे स्टेशन. गवई कितीही हिंडला तरी त्याला स्टेशनावर वेळेत यावं लागतं, आणि श्रोत्याचं काम फक्त हिरवी झेंडी दाखवणं. हे बाबारावांना इतकं पटलं, की पुढचा सल्लाही त्यांनी न तपासता घेतला. तो सल्ला असा, की रविवारचा एक तास काय पुरतो. घरी रेडिओ पाहिजे.

रेडिओ होता. रंभाबाईंच्या माहेरी, मौद्याला, त्यांच्या वडिलांचा. वडील वारल्यापासून तो फडक्यात बांधून ठेवलेला. बाबाराव एसटीनं गेले आणि तो मांडीवर घेऊन आले. मग ते लायसन बदलून घ्यायला पोस्टात गेले. त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारचं लायसन लागे.

खिडकीतल्या कारकुनानं पुस्तिका चाळली आणि विचारलं, की हे गृहस्थ कुठे आहेत. बाबारावांनी सांगितलं की ते चार वर्षांपूर्वी वारले. कारकून म्हणाला, असं कसं, त्यांचं लायसन तर दर वर्षी पुढे चालू होतंय. म्हणजे मौद्याच्या मेहुण्याने सासऱ्यांच्या नावानं ते भक्तिभावानं नवं करून घेतलं होतं. सरकारदरबारी सासरे हयात होते आणि रोज रेडिओ ऐकत होते. आता ते वारल्याचा दाखला हवा, सगळ्या वारसांचं ना-हरकतपत्र हवं, आणि मयत इसमाने चार वर्षं रेडिओ कसा ऐकला याचा खुलासा हवा.

बाबारावांचा संताप झाला. पण बोलता येईना. कारण गेल्याच महिन्यात एका विधवेचा अर्ज त्यांनी स्वतः याच तीन कारणांसाठी परत केला होता, आणि शेवटच्या कारणाची भाषा तर शब्दशः त्यांचीच होती. ते गुपचूप घरी आले. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन त्यांनी त्या विधवेची फाईल वर काढली आणि मंजूर केली. देव माणसाला कुठल्या खिडकीत उभा करून शिकवील याचा नेम नाही.

तीन आठवड्यांनी लायसन मिळालं. मारोतरावांनी छपरावर दोन बांबू उभे करून एरियलची जाळी ताणून दिली. सकाळी साडेआठला शास्त्रीय गायन लागे. पहिल्या दिवशी बाबाराव आंघोळ करून, गंध लावून, रेडिओसमोर पाटावर बसले. आलाप सुरू झाला न झाला, तोच गल्लीतले सात-आठ जण दारात. घरी रेडिओ आला म्हणजे तो गल्लीचा झाला, हे कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. एकीला बाजारभाव हवे होते, एकाला क्रिकेट, पोरींना सिनेमाची गाणी. मारोतराव खुर्ची घेऊन बसले आणि गायिकेला सूचना करू लागले, "अवं बाई, स्टेशन आलं ना आता, थांब की."

थोडक्यात, अडीच महिन्यांत घरच्या रेडिओवर बाबारावांनी कांद्याचे भाव मन लावून ऐकले.

वर्ग मात्र त्यांनी एकही चुकवला नाही. शरच्चंद्र सर उंच, किडकिडीत आणि फार सज्जन होते. बुक्क्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त बाबाराव जवळ आले की नाकाला रुमाल लावत. दुसऱ्याच रविवारी त्यांनी इतिहास सांगितला. ख्यालाच्या आधी ध्रुपद होतं, आणि ध्रुपद देवळांतही गाइलं जाई. पुढे गाणं दरबारांत रमलं आणि अलीकडे तिकिटाच्या सभागृहात आलं. बाबाराव पुढे काय सांगितलं ते ऐकू शकले नाहीत, इतका त्यांना आनंद झाला. म्हणजे हे गाणं मूळचं आपल्याकडचंच. बदलीवर गेलेलं. गुरुबाईंच्या कपाळाला बुक्का लावण्यात त्यांनी केलं काय, तर बदलीवरून आलेल्याला जुन्या कचेरीनं चहा पाजावा तेवढंच. हे त्यांनी कचेरीत सगळ्यांना सांगितलं, आणि घरी सांगायला गेले तर उत्तरा स्वयंपाकघरात निघून गेली.

मग त्यांनी वही केली. रागांची आवक-जावक वही. अनुक्रमांक, रागाचं नाव, येण्याची वेळ, वर्ज्य स्वर, घराणं, शेरा. सर ताल शिकवीत तेव्हा सगळ्यांनी मात्रा मोजून सम आली की हात वर करायचा असे. विलंबित एकतालात बाबाराव पेन्सिलीने रेघा ओढत अठ्ठेचाळीसपर्यंत मोजत. चाळिसाच्या आसपास कोणीतरी खोकत असे, ते पुन्हा अडतिसावर जात, आणि समेला सगळ्यांचे हात वर होऊन खाली आले की त्यांचा एकट्याचा वर जाई. झांजेवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाचं हे व्हावं याचं त्यांना फार वाईट वाटे. उपाय म्हणून ते आणखी बारीक रेघा ओढत.

राग आणि वेळ मात्र त्यांना पाठ झाले. आता पाठ झालेला नियम हेडक्लार्काच्या हातात गेला म्हणजे काय होतं? रंभाबाई संध्याकाळी तुळशीपाशी गुणगुणत, ते त्यांनी बंद केलं. चाल सकाळच्या रागाची निघाली. दळण आणताना मारोतराव शीळ घालीत, त्यांना वेळ विचारली. आणि पौषातल्या एका एकादशीला कहर झाला.

दत्तोपंतबुवांचं कीर्तन रंगात आलं होतं. बुवांचं वय सत्तरीच्या पुढे, आवाजाला कंप. पण आख्यानात आई लेकराला शोधते त्या ठिकाणी ते एक पद म्हणत आणि सगळं देऊळ डोळे पुसत असे. बाबाराव तर दर वर्षी रडत. या वर्षी ते रडले नाहीत. काखेत झांज, हातात वही. ते राग शोधत होते. सापडला. कीर्तन संपल्यावर पाया पडण्याऐवजी त्यांनी बुवांना सांगितलं, "बुवा, ते पद भैरवात हाये. भैरव सकाळचा. आपण संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घेतलं."

बुवा रागावले नाहीत. त्यांनी वही हातात घेतली, उपरण्यानं पुसून परत दिली आणि म्हणाले, "असेल गा. त्या माउलीचं लेकरू संध्याकाळीच हरवलं होतं, मी काय करू? पण बाबाराव, आज तुमची झांज कुठं होती? मले मागं कोणी आहे असं वाटूनच नाही राहिलं."

पूर्वरंग इथं संपला असं समजा. इथून पुढे बाबाराव गाण्याला तर मुकलेच होते, कीर्तनालाही मुकले. झांज हातात धरली की मनात आकडे येत. वाजवता येईना, नुसतं ऐकताही येईना. रंभाबाईंना ते एका दुपारी म्हणाले, "मले अगोदर एक तरी कळत होतं वं."

वसंतपंचमीच्या आधीच्या रविवारी सरांनी परीक्षा घेतली. तीन तबकड्या लावल्या. राग ओळखायचे आणि सम दाखवायची. पहिल्या तबकडीला बाबारावांनी भूप सांगितला, तो निघाला देशकार. दुसरीला, चूक नको म्हणून, देशकार सांगितला. तो निघाला भूप. तिसरीला त्यांनी उत्तर देण्याआधी घड्याळ पाहिलं आणि सकाळचे साडेनऊ वाजले होते म्हणून तोडी सांगितली. सरांनी फार हळू आवाजात सांगितलं, की तबकडीला वेळ ठाऊक नसते. हा संध्याकाळचा मारवा आहे. सम तीनदा हुकली. सर म्हणाले, "ऐकत राहा." सज्जन माणूस नापास करतो तेव्हा असंच बोलतो.

ठरल्याप्रमाणे बाबारावांनी घरी येऊन निकाल स्वतःच सांगितला आणि वही उत्तराच्या हातात दिली. तिने ती चाळली. अडीच महिन्यांच्या रेघा, सोळा, बारा, अठ्ठेचाळीस. आणि जागोजागी खोडून पुन्हा ओढलेल्या. तिने ती मिटून तंबोऱ्यापाशी ठेवली. वसंतपंचमीला निघताना तीच दारात थबकली आणि आईला म्हणाली, की तिथं जोडे सांभाळायला कोणी नाही, असं सभागृहातले लोक म्हणत होते. बाबांना दाराशी बसायचं असेल तर बसू दे.

रंभाबाईंनी निघण्याआधी नवऱ्याच्या कोटाचे चारही खिसे उलटे केले आणि बुक्क्याची डबी काढून घेतली. बाबारावांनी विरोध केला नाही. झांजकरी, श्रोता, वर्गाचा विद्यार्थी असे सगळे हुद्दे एकामागून एक गेले होते; आता जोड्यांवर नेमणूक झाली होती, आणि तीही मुलीच्या मेहरबानीनं. सभागृहाच्या दारात, जवळपास साठ जोड जोड्यांच्या मध्ये, ते मांडी घालून बसले. आत रंभाबाई, गुरुबाई आणि दत्तोपंतबुवा. उत्तराला पहिला सूर बुवांच्या देवळात लागला होता, म्हणून ते मुद्दाम आले होते. मारोतराव आत जाताना आपला जोडा नीट बघून ठेवायला सांगून गेले.

उत्तरानं बडा ख्याल लावला. बाबारावांपाशी वही नव्हती, पेन्सिल नव्हती, कोणाला काही दाखवायचं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी सवयीनं मोजायला घेतलं. पण कोणीतरी उशिरा आलं, त्याचे जोडे लावून देताना मोजणी सुटली आणि पुन्हा धरायचं त्यांना सुचलंच नाही. उत्तरा एकच स्वर पुन्हा पुन्हा निरनिराळ्या बाजूंनी येऊन धरत होती. लहानपणी ती जत्रेत हरवली होती आणि सापडल्यावर बापाचं बोट असं सोडून परत परत धरत होती, ते त्यांना आठवलं. राग कुठला, हे विचारायचंच राहिलं. त्यांनी डोळे मिटले.

मग द्रुत ख्याल सुरू झाला, तीनतालात. तबलजी हौशी होता आणि समोर पाहुणे होते. त्यानं आपली करामत दाखवायला सुरुवात केली. तिसऱ्या तानेनंतर उत्तराची सम सुटली. ती एकदा चुकीच्या जागी आली, पुन्हा आली, पुन्हा चुकीची. तिनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. शरच्चंद्र सर बोटांच्या पेरांवर मोजत होते, डॉक्टर मांडीवर ठेका धरत होते, मारोतराव मान हलवत होते. तिघांच्या तीन समा. पोरीचा चेहरा उतरला. रंभाबाईंनी पदर मुठीत धरला.

तेवढ्यात तिची नजर रांगांवरून दारापर्यंत गेली. तिथं जोड्यांच्या ढिगाऱ्यात तिचा बाप डोळे मिटून बसला होता आणि त्याचे रिकामे हात झांज वाजवत होते. कीर्तनात वाजवतो तसे. ना मोजून, ना ठरवून. दोन्ही तळवे दूर जात, हवेत तरंगत, आणि तबल्यानं किती आडवळणं घेतली तरी नेमक्या एका जागी येऊन भिडत. तिनं दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा ते हात मिळाले तेव्हा तिनं मुखडा त्यांच्यावर आणून सोडला. तबलजीची मान आपोआप हलली. सरांचं बोट पेरावर अडकलं. तिथून पुढे शेवटापर्यंत ती दाराकडे पाहून गायली, आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना वाटलं की मुलगी फार अंतर्मुख आहे.

टाळ्या झाल्या तेव्हा बाबारावांनी डोळे उघडले, आणि पाहतात तो उत्तरा व्यासपीठावरून उतरून, पाहुणे ओलांडून, जोड्यांकडे येत होती. आपला काही नवा अपराध झाला असावा म्हणून ते उभे राहिले. तिनं वाकून नमस्कार केला आणि कपाळ पुढे केलं.

"बाबा, बुक्का."

बाबारावांनी उलटे केलेले चारही खिसे पुन्हा उलटे करून दाखवले. तोवर मागून रंभाबाई आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून डबी काढून त्यांच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "मले माहीत होतं. अशा वक्ती कोणी डबी घरी ठेवते का?"

बाबारावांनी अंगठा डबीत बुडवला. मुलीच्या कपाळावर तो जरा वाकडाच उमटला. मग बुवांना लावला, तबलजीला लावला. शरच्चंद्र सरांपाशी ते थांबले. सरांनी विचारलं, की इतक्या आडव्या तबल्यात तुम्ही मोजलंत कसं. बाबारावांनी खरं ते सांगितलं, "मोजलं नाही जी. मोजलं असतं तर चुकलो असतो."

सरांनी नाकावरचा रुमाल काढला. मग उत्तराकडे वळून म्हणाले, "यांना कळतं." आणि रुमाल खिशात ठेवून त्यांनी स्वतःच कपाळ पुढे केलं.

दत्तोपंतबुवांनी दोन्ही हात वर केले आणि कापऱ्या आवाजात गजर धरला. तबलजी धावत जाऊन बसला. त्याच्या बोटांना आता करामतीची हौस उरली नव्हती. उत्तरानं सूर लावला, रंभाबाईंनी लावला, गुरुबाईंनीसुद्धा सुरक्षित अंतरावरून लावला, आणि मारोतराव सापडलेला जोडा हातात धरून गाऊ लागले. बाबारावांचा आवाज या वेळी सभागृहात फिरायला गेला तो परत काही आला नाही. त्याला तिथंच जागा मिळाली.

आणि गजर ऐन रंगात आला असताना प्राध्यापक शरच्चंद्र शिंकले. शिंक समेवर पडली. हे बाबारावांनी वही न उघडता ओळखलं.